पोच

परवा रात्री जेवणं झाल्यावर नात पुस्तक घेऊन माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. "आबा, मला प्रश्न विचारा ना. उद्या पेपर आहे." ती इथल्याच तंत्रनिकेतनात संगणकाची पदविका करतेय, दुसरं वर्ष. विषय नेटवर्किंग. मी पडलो जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. सरस्वती भुवनातून बी.ए. झालो तोही मराठी माध्यमातून. वही हातात घेतली तर पहिल्याच पानावर सात आद्याक्षरं, एकाचाही पत्ता लागेना.

म्हटलं, विचारतो, पण एक अट. उत्तर मराठीत द्यायचं. एखादी गोष्ट आपल्या आईला सांगता आली तरच ती आपल्याला आली, असं मी वर्गात पोरांना म्हणायचो. (आमच्या वेळच्या पोरांना हे वाक्य आठवत असेल. ते ऐकून मागच्या बाकावर कोण हसायचं तेही मला आठवतं.) नात म्हणाली, "आबा, पेपर इंग्रजीत आहे." मग नाक मुरडून तयार झाली.

पहिलाच प्रश्न बिट आणि बाइटचा निघाला, आणि त्यात माझीच विकेट पडली. झालं असं होतं, की दोन महिने मी आमच्या इंटरनेटवाल्याशी भांडत होतो. शंभरचं कनेक्शन घेतलं, पैसे शंभरचे घेतोस, आणि फाइल उतरवताना आकडा बाराच्या वर जात नाही, ही काय दिवसाढवळ्या लूट आहे का? तो बिचारा "सर, बरोबर आहे ते" एवढंच म्हणायचा. नातीने वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून दाखवला. तारेतून जाणारा वेग बिटांत मोजतात आणि फाइलचा आकार बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. म्हणजे शेर आणि छटाक यांची गल्लत करून मी दुकानदाराला चोर ठरवत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून चूक कबूल केली. तो म्हणाला, "असू द्या सर." फार लोक असं कबूल करत नसावेत, कारण पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना.

मग बँडविड्थ. याला मराठी शब्द काय? मी म्हटलं, नळाची जाडी. आमच्या शहरातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. जायकवाडी एवढं मोठं धरण जवळ असूनही गेली कित्येक वर्षं इथे आठ आठ दिवस नळाला पाणी आलेलं नाही, असं झालेलं आहे. तेव्हा नळाची जाडी, प्रत्यक्ष येणारं पाणी, आणि कॉक सोडल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंतचा वेळ या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही बादल्या घेऊन शिकलो आहोत. पुस्तकात यांना तीन वेगळी नावं आहेत: बँडविड्थ, थ्रूपुट आणि लेटन्सी. नातीला हे एकदम पटलं.

मी फुशारलो. मग मलिक अंबराची नहर काढली. सतराव्या शतकात त्या माणसाने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. कुठेही पंप नाही, नुसता उतार आणि दाब. वाटेत जागोजागी बांधलेले उंच मनोरे, त्यात पाणी चढायचं, कोंडलेली हवा निघून जायची आणि पाणी पुढे सरकायचं. पाणचक्कीचं पाणीही असंच, डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून येऊन उंचावरून कोसळतं. "हे बघ," म्हटलं, "हेच तुझं नेटवर्क. हे मनोरे म्हणजे तुझे राउटर."

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही आबा. पाणी सगळं सारखंच असतं ना. कुठला थेंब कुणाच्या घरी गेला तरी काय फरक पडतो? इथे प्रत्येक थेंबावर पत्ता असतो."

माझी उपमा तिथेच फुटली. पण पोरगी विचार करते आहे, याचा आनंद झाला. असो.

पत्ता म्हटल्यावर मात्र माझ्या प्रांतात आलो. मी शाळेत पस्तीस वर्षं पत्रलेखन शिकवलं. वर उजव्या कोपऱ्यात स्वतःचा पत्ता, दिनांक, मग मायना, मग मजकूर, शेवटी "कळावे, लोभ असावा", आणि बाहेर पाकिटावर ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता. मायना चुकला की अर्धा गुण कापायचो. वडिलांना "तीर्थरूप", धाकट्याला "चिरंजीव", परक्याला "सा. न. वि. वि." नात सांगायला लागली, की संगणक जे काही पाठवतो त्याचे आधी लहान लहान तुकडे करतो, साधारण दीड हजार बाइटांपर्यंतचे. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कुणाकडून, कुणाला, कितवा तुकडा असं सगळं लिहितो. या डोक्यावरच्या भागाला हेडर म्हणतात आणि आतल्या मालाला पेलोड. मी म्हटलं, अगं, मायना आणि मजकूर! ती हसली, पण तिने पेन्सिलीने वहीत लिहून घेतलं. आणि प्रोटोकॉल म्हणजे? दोघांनी आधीच ठरवून घेतलेली बोलण्याची रीत. आपल्या मंत्रालयात राजशिष्टाचार विभाग आहे ना, तोच शब्द.

शब्दांवरून आठवलं. जालावरच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल, मनोगत, मिसळपाव, उपक्रम यांचे दिवस होते तेव्हा डेटाला "विदा" म्हणायची पद्धत पडली होती. ईमेलला "विरोप", खाजगी निरोपाला "व्यनि". काही लोकांना हसू यायचं. मला "विदा" अजूनही आवडतो, लहान आहे, तोंडात बसतो. पण नातीला विचारलं तर म्हणाली, "विदा म्हणजे? निरोप घेणं?" मी पुढे काही बोललो नाही.

तुकड्यांना पॅकेट हे नाव इंग्लंडातल्या डोनाल्ड डेव्हिस यांनी 1960च्या दशकात दिलं. जवळपास त्याच काळात अमेरिकेत पॉल बॅरन यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. एका निरोपाचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागचा पुढे पोचू शकतो, आणि पलीकडचा संगणक क्रमांक बघून ते पुन्हा जुळवतो. वाटेतला राउटर फक्त पत्ता बघतो आणि पुढे ढकलतो. मजकुराशी त्याला देणंघेणं नसतं.

प्रत्येक पॅकेटला आयुष्यही असतं म्हणे. त्यावर एक आकडा लिहितात, बहुधा 64 किंवा 128. दर मुक्कामाला राउटर त्यातून एक कमी करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतात, नाहीतर पत्ता न सापडलेली पॅकेटं जाळ्यात जन्मभर फिरत राहतील. माझा आकडा आता कितीवर आला असेल, असं मनात आलं, पण पोरीची परीक्षा होती म्हणून बोललो नाही. आणि पिंग म्हणजे तर चक्क हजेरी. "आहेस का?" "हजर." बस्स, एवढंच काम.

मग ती टीसीपीवर आली.

ही रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी 1974 साली मांडली, आणि 1 जानेवारी 1983 पासून त्या वेळचं अमेरिकेतलं सगळं अर्पानेट तिच्यावर चालायला लागलं. बोलणं सुरू करण्याआधी दोन्ही संगणक एकमेकांना तीनदा निरोप देतात. पहिला म्हणतो, बोलायचं आहे. दुसरा म्हणतो, कळलं, मलाही बोलायचं आहे. पहिला म्हणतो, तुझंही कळलं. त्यानंतरच माल निघतो. आणि जेवढा माल पोचला तेवढ्याची पोच परत यावी लागते. ही पोच वाटेतल्या कुणी दिलेली चालत नाही, ज्याच्यासाठी माल आहे त्यानेच द्यायची. मायन्यात त्यासाठी एक बिट राखून ठेवलेला असतो. फक्त एक. आपण मराठीत "पोच" हा शब्द टाइप करून पाठवला, तर युनिकोडच्या हिशेबाने त्याचे नऊ बाइट होतात, म्हणजे 72 बिट.

"आणि पोच आली नाही तर?" मी विचारलं. वहीत हा प्रश्न नव्हता.

"तर परत पाठवायचं."

"परत नाही आली तर?"

"परत पाठवायचं. दर वेळी थोडं जास्त थांबायचं, आधीच्या दुप्पट. एक सेकंद, दोन, चार, आठ... अशा बऱ्याच वेळा प्रयत्न करून मगच सोडून देतो तो."

"आणि त्याला असं नाही का वाटत, की समोरच्याला मिळालंय आणि तो मुद्दाम गप्प बसलाय?"

"आबा, तो संगणक आहे." नात म्हणाली.

तिला झोपायला पाठवलं. मला काही झोप आली नाही.

आता जे लिहितोय ते घरातल्या काही जणांना नवीन असेल. माझा धाकटा भाऊ 1970च्या दशकात मुंबईला गिरणीत लागला. परळला चाळीत चौघांबरोबर खोली करून राहायचा. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांनी पुकारलेला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधीच आत गेले नाहीत. आषाढात भावाचं अंतर्देशीय आलं. दादा, घरभाडं थकलंय, दोनशे रुपये पाठवता आले तर बघ, संप मिटला की परत करीन. उलट टपाली कळव.

दोनशे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. माझी दोन मुलं, आई माझ्याकडे, नुकतंच घेतलेलं सोसायटीचं कर्ज. तरी मी चार दिवसांत जमवले. मनीऑर्डर करायची सोडून, त्याच आठवड्यात ओळखीतले एक गृहस्थ मुंबईला निघाले होते, त्यांच्याकडे पाकीट दिलं. आत पैसे आणि चार ओळींची चिठ्ठी. कमिशन वाचेल आणि हातात पडेल, हा हिशेब. तेव्हा इथून मुंबई म्हणजे छोट्या गाडीने मनमाड, मनमाडला गाडी बदलून पुढे. स्टेशनावर जाऊन पाकीट दिलेलं आठवतंय. पाऊस होता.

भावाची पोच आली नाही. महिना गेला, दोन गेले. एका लग्नात ते गृहस्थ भेटले. मी विचारलं, पाकीट दिलंत ना? ते म्हणाले, "दिलं ना! म्हणजे काय." झालं. मी मनात धरलं. आपण पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतो आणि या माणसाला दोन ओळींचं पोस्टकार्ड टाकता येत नाही. माणसाला काही पोच असावी!

पुढची अकरा वर्षं आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही.

पण गंमत अशी, की पत्रं येत होती. भाऊ आईला पत्र टाकायचा, महिन्या-दोन महिन्यांनी. पत्ता माझ्याच घराचा, मायना "तीर्थरूप आईस". आईला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवायचो. त्याने गिरणी सोडली, भिवंडीला यंत्रमागावर लागला, त्याला मुलगी झाली, सगळं मी माझ्या तोंडाने आईला वाचून दाखवलं. शेवटी "घरात सर्वांना नमस्कार". त्या सर्वांमध्ये मी. मग आई सांगायची आणि मी तिचं उत्तर लिहायचो. माझ्या अक्षरात, माझ्या पेनाने, तिची वाक्यं. खाली "तुझी आई". एकदाही स्वतःची एक ओळ जोडली नाही. पत्त्यावर त्याचं नाव लिहिताना हात सरळ चालायचा. राउटर मजकूर वाचत नाही असं नात म्हणाली ना, मी तर वाचत होतो, आणि तरी नुसता पुढे ढकलत होतो.

आई 1993 साली गेली. मी तार केली, ती पोचली. दुसऱ्या दिवशी भाऊ आला. पैठणला गोदावरीच्या काठावर दहाव्याला आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिथून बोलणं सुरू झालं, लग्नकार्यांत येणं-जाणं सुरू झालं. आता तो डोंबिवलीला असतो, मोबाइल आल्यापासून सणावाराला फोन होतो. तब्येतीचं, पोरांचं, पावसाचं बोलतो. पण 1982चं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

नातीच्या पुस्तकात एका चौकटीत दोन सेनापतींचं कोडं दिलंय. ते मी त्या रात्री तिच्या टेबलावरून आणून कोश घेऊन वाचून काढलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर देवगिरीच्या दोन बाजूंना एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत. एकदम चालून गेल्या तरच किल्ला पडेल. पहिला सेनापती जासूद पाठवतो, उद्या पहाटे. पण मधली वाट शत्रूच्या हातात, जासूद पोचला की नाही ते कळायला हवं. म्हणून दुसरा पोच पाठवतो. पण पोच पोचली का, हे दुसऱ्याला कळायला हवं. म्हणून पोचेची पोच. तिचीही पोच. कितीही जासूद धावले तरी पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणजे थोडं अंधारात पाऊल टाकावंच लागतं. संगणकही तेच करतात, ठरावीक पोचा झाल्या की पुरे मानून कामाला लागतात. मी पुस्तक जागेवर ठेवून आलो.

सकाळी आठ वाजता भावाला फोन लावला. एवढ्या सकाळी माझा फोन बघून तो घाबरलाच. "दादा, काय झालं? बरं आहे ना सगळं?"

म्हटलं, "बरं आहे. एक विचारायचं होतं. 82 साली, संपात, मी दोनशे रुपये पाठवले होते. ते मिळाले होते का तुला?"

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"कुठले दोनशे?"

मी सगळं सांगितलं. पाकीट, चिठ्ठी, पाऊस, ते गृहस्थ. त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं, हरवलं, की गरज पडली म्हणून खर्च केलं, हे आता कुणाला विचारणार? आणि दोष त्यांना तरी काय द्यायचा. वाटेतल्या माणसाने "दिलं" म्हणणं म्हणजे पोच नव्हे. मोबाइलवर एक बरोबरची खूण उमटते ना, ती निरोप कंपनीच्या संगणकापर्यंत गेल्याची असते, समोरच्याच्या फोनवर पोचला की दुसरी उमटते. आमच्या बाबतीत एकच उमटली होती आणि मी दोन धरून चाललो. एक पोस्टकार्ड पुन्हा टाकलं असतं तर? पंधरा पैशांचं होतं तेव्हा.

भाऊ म्हणाला, "मी गणपतीपर्यंत वाट बघितली. मग भिवंडीला गेलो. मला वाटलं, वहिनीला अडचण असेल, तुला सांगायला जड जात असेल. मग वाटलं, जड जात असेल तरी 'नाही' म्हणून लिहायला काय हरकत होती." थोडं थांबून म्हणाला, "आईची पत्रं यायची ना, त्यात पाकीट फोडल्याबरोबर मी आधी खाली बघायचो. तुझं अक्षर असायचं, मला वाटायचं खाली एखादी ओळ तुझी असेल."

मला बोलता आलं नाही. तोच म्हणाला, "सगळी आहेत माझ्याकडे. ट्रंकेत. दिवाळीला आलो की आणतो."

मग चहा घेतला का, गुडघा कसा आहे, असं नेहमीचं बोलून फोन ठेवला.

नात परीक्षेहून दुपारी आली. पेपर बरा गेला. टीसीपीवर सहा गुणांचा प्रश्न होता. तिला म्हटलं, मला फोनवरून पैसे पाठवायला शिकव. आजवर मी ते टाळत होतो, चुकून भलत्याच्या खात्यात गेले तर काय, या भीतीने. तिने भावाचा नंबर काढून दिला, त्याचं नाव समोर आलं ते मी दोनदा वाचलं, आणि दोनशे रुपये पाठवले. टिंग करून हिरवी खूण आली. नात म्हणाली, "झालं आबा, पोचले." मी म्हटलं, थांब, ही बँकेची पोच आहे.

पाच मिनिटांनी डोंबिवलीहून निरोप आला: "मिळाले. व्याजाचं काय?"